उद्घाटनाआधीचा पेशंट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, माझं काही अडलेलं नाही.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्या वेळी भरदुपार होती, मंगळवारची. ठिकाण सरकारी दवाखाना. भूतसुद्धा ऑफिसच्या वेळेत आलं.

माझा धाकटा भाऊ रंगारी होता. परांचीवरून पोटावर पडला. बाहेर रक्ताचा थेंब नाही, पण चेहरा पांढराफटक. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं.

"आत रक्त साचतंय बहुतेक. सीटी स्कॅन हवा, लगेच. कुठे लागलंय ते कळलं तर ऑपरेशन करता येईल."

"मग करा की!"

त्यांनी समोर बोट दाखवलं.

खोलीला कुलूप. दारावर लाल फीत. काचेतून आत नवं कोरं मशीन दिसत होतं. नव्या सोफ्यासारखं, प्लॅस्टिकसकट.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. खुर्चीवर बसतानाही आधी कोटाची इस्त्री जपणारा माणूस!

"साहेबांची तारीख मिळालेली नाही अजून," ते म्हणाले. "उद्घाटनाआधी पेशंट घेतला तर मला उत्तर द्यावं लागेल. शहरात न्या."

माझा भाऊ मेला तर त्याचं उत्तर त्यांना कोणीच विचारणार नव्हतं. म्हणून चेहरा कसा निवांत होता.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. भावाचं स्ट्रेचर त्याच बंद दारापाशी लावून आम्ही थांबलो.

आणि मग...

आतून आवाज आला. बाईचा. गोड, सपाट.

"श्वास घ्या... श्वास रोखा..."

मी दारावर थापा मारल्या. "आत कोण आहे? उघडा!"

मशीनचा टेक्निशियन धावत आला. त्याने दाराला कान लावून ऐकलं.

"ताई, तो मशीनचा आवाज आहे. स्कॅन करताना येतो... पण मेन स्विच बंद आहे."

पुन्हा सगळं शांत.

मी वळून पाहिलं. भावाने छाती भरून श्वास घेतला होता... आणि रोखून धरला होता.

"अरे सोड! वेडा आहेस का?"

तो कसाबसा पुटपुटला, "ताई, सोडा म्हणाली नाही ती अजून."

शेवटी ड्रायव्हर आला, गाडी शहराकडे निघाली. वाटेत तो तसाच. थोडा श्वास घ्यायचा, पुन्हा रोखायचा. अर्ध्या रस्त्यात त्याने माझा हात घट्ट धरला.

"म्हणाली का गं?"

मग हात सैल पडला. ड्रायव्हरने गाडी तिथूनच परत फिरवली.

मृत्यूच्या दाखल्यासाठी मी महिनाभर खेटे घातले. एकदा गेले तर दवाखान्यात फुगे लावलेले. साहेब आले होते. शिपाई मला म्हणाला, "सगळे तिकडेच आहेत बाई. तुम्हीही उभ्या राहा, टाळ्यांना माणसं कमी पडताहेत."

लाज कशाशी खातात हे या लोकांना ठाऊकच नाही.

मी मागे उभी राहिले. फीत कापली. टाळ्या पडल्या. साहेब फोटोवाल्याकडे बघत बटणापाशी गेले...

आणि स्क्रीन आधीच उजळला.

टेबल रिकामं होतं. स्क्रीनवर मात्र माणूस होता. फासळ्या, पाठीचा कणा... आणि खांद्याच्या हाडात धातूची पट्टी. तिचा शेवटचा स्क्रू वाकडा.

तो स्क्रू मी ओळखते. भाऊ सायकलवरून पडला होता तेव्हाचा. त्याचा एक्स-रे अजून आमच्या कपाटावर आहे.

डॉक्टरीणबाई गर्दी सारून पुढे आल्या. स्क्रीनवर बोट ठेवलं.

"प्लीहा फुटलीय. कुठे आहे हा पेशंट? ऑपरेशनला घ्या, आत्ता घेतला तर वाचेल!"

कोणी हललं नाही. मोठे डॉक्टर दात विचकत साहेबांना म्हणाले, "नमुन्याचा फोटो आहे, सर." मग टेक्निशियनवर खेकसले, "बंद कर आधी ते!"

"बंदच आहे सर," तो म्हणाला. "साहेबांनी बटण कुठे दाबलंय अजून?"

तेव्हा मशीनमधून तोच आवाज आला. गोड, सपाट.

"आता... श्वास सोडा."

रिकाम्या टेबलावरून कोणीतरी सुस्कारा सोडला. लांब, दमलेला. मी ऐकला.

साहेबांनी बटण दाबलं. टाळ्या पडल्या.

मशीन आता छान चालतं म्हणे. मी मात्र त्या रस्त्याने जात नाही... गेलेच, तर दवाखाना मागे पडेपर्यंत माझा श्वास आपोआप रोखला जातो.