रस्त्याची खालची बाजू

ओहोटी लागली होती. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानासमोर, नगरपालिकेचा मुकादम भरदुपारी ओणवा होऊन डांबरावर हातोडी ठोकत होता.

"ठणठण वाजायला हवं, तर डबडब वाजतंय," तो सोबतच्या फिटरला म्हणाला.

समुद्रकाठच्या शहराचं हे जुनंच दुखणं. भरतीचं पाणी फुटक्या गटारात शिरतं, परत जाताना फटींतून वाळू ओढून नेतं, आणि वरचा रस्ता मात्र काही झालंच नाही अशा थाटात पडून राहतो.

फिटरने भोक पाडलं. मुकादमाने त्यात लांब सळई सोडली. हातभर खाली वाळू लागायला हवी होती. सळई सरसर मुठीपर्यंत आत गेली, कशालाच टेकली नाही.

"सगळंच पोकळ आहे," फिटर पुटपुटला. "मग रस्ता टिकलाय कशावर?"

मुकादम काही बोलणार, तोच सळई त्याच्या मुठीत हलली आणि वर येऊ लागली. कोणीतरी खालून जपून ढकलावी तशी. पुरती बाहेर आली आणि रस्त्यावर आडवी झाली.

"गॅस असेल," मुकादम म्हणाला.

फिटरने भोकाशी वाकून हुंगलं. "वास तर कसलाच नाही." मग दोघंही एकमेकांकडे बघेनात.

"आधी रस्ता बंद करू," म्हणत मुकादम जीपमधले अडथळे आणायला धावला. तेवढ्यात नको तेच झालं. उतारावर मालाचा ट्रक बंद पडला, आणि त्याच्यामागून आलेली शहर बस नेमकी त्या भोकावर थांबली. माणसांनी भरलेली. चालवत होती मुकादमाची थोरली बहीण.

तिने खिडकीतून डोकं काढलं. "काय रे, रस्ता कुठे पळून जातोय की काय?"

"ताई, पुढे घे! खाली काही नाहीये!"

"ट्रकच्या डोक्यावरून नेऊ?" ती म्हणाली खरी, पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "माणसं उतरवू?"

उतरवायचं कुठे? बसच्या चारी बाजूंनी केसाएवढी भेग उमटली होती. बघता बघता ती बोटभर रुंद झाली. बससकट रस्त्याचा तो तुकडा कण्हत खाली बसला. आत किंकाळ्या उठल्या.

मग तुकडा थांबला.

आणि वर आला.

भेग मिटली. कुठेतरी खूप खाली, ओझं उचलताना माणूस सोडतो तसा, लांब श्वास ऐकू आला.

फिटरने आणि दुकानदारांनी ट्रकला खांदे लावले. ट्रक हलला. ताईने झोपलेलं मूल उचलावं तशी अलगद बस पुढे काढली. मागची चाकं पलीकडे गेली.

तेव्हा कुठे रस्ता खाली गेला. धडाम नाही, काही नाही.

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच फुटपाथवर बसला आणि वेड्यासारखा हसायला लागला. उतारू एकमेकांना पाण्याच्या बाटल्या देत होते, अनोळखी माणसांच्या पाठी थोपटत होते. ताई त्याच्याशेजारी येऊन टेकली.

"आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये," ती म्हणाली. "उद्यापासून मला घरात कोंडून ठेवेल." मग तिने विचारलं, "तू खाली जॅक लावले होतेस ना रे? मला सीटखाली कळलं. कोणीतरी पेललं."

"हो," मुकादम म्हणाला. "लावले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन आली. खड्ड्यात डांबराचे तुकडे तुकडे झाले असतील असं वाटलं होतं. पण तो आख्खा भाग तळाशी सपाट पडला होता, हळूच ठेवावा तसा. क्रेनने तो वर काढला आणि रस्त्याकडेला उलटा टेकवला.

खालच्या बाजूला, डांबरात रुतलेले तळहाताचे ठसे होते. बोटं फाकलेली, मनगटाकडची बाजू खोल गेलेली. सगळीकडे नव्हते. बसची चाकं जिथे जिथे उभी होती, तिथेच दाटीवाटीने होते.

फिटरने माप बघायला एका ठशावर आपला पंजा ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"अजून ऊब आहे," तो म्हणाला.