ढब्याची चुकलेली बाही

"डॉक्टर कुठे आहेत?" मी दवाखान्यात शिरता शिरता विचारलं.

"तुमच्या कुत्र्याखाली," जमिनीवरून आवाज आला.

टेबलाखाली गेलेलं पेनाचं टोपण शोधायला एक तरुण माणूस वाकला होता, आणि माझ्या हातून निसटलेला ढब्या, लंगडा पाय सांभाळत, चक्क त्याच्या पाठीवर बसला होता. जुने डॉक्टर निवृत्त झाले, हे नवे. केस विस्कटलेले, हसू मात्र नीटनेटकं. मला ते आवडले… आणि थोड्याच वेळात त्यांचा भयंकर राग आला.

"हाडाचा कर्करोग आहे," एक्स-रे दाखवत ते म्हणाले. "पुढचा उजवा पाय खांद्यापासून काढावा लागेल."

"दुसरा काहीच उपाय नाही?"

"त्याचं दुखणं थांबवायचं असेल, तर नाही. तीन पायांवर कुत्री छान चालतात. मनाची तयारी तुम्हालाच करावी लागेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मी शिवणकाम करते, दिवसभर कात्री चालवते, पण 'हो' म्हणायला जीभ उचलेना. शेवटी बरोबर आलेली आत्या म्हणाली, "अगं, पाय राखायचा की जीव, एवढंच बघ."

ऑपरेशनच्या सकाळी मी डॉक्टरांना म्हटलं, "त्याला सांगा, मी बाहेरच बसलेय."

त्यांनी खरंच वाकून त्याच्या कानात सांगितलं. दार बंद होईपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत राहिले. भीतीच असणार, दुसरं काय… असं मी स्वतःला बजावलं.

ऑपरेशन नीट झालं. पण घरी आल्यावर ढब्या उठेचना. उचलून उभा केला की मटकन बसायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. डॉक्टर रोज संध्याकाळी येऊ लागले. "पेशंट कसा आहे?" विचारायचे त्याच्याबद्दल, बघायचे माझ्याकडे. यांच्यावर चिडावं की यांना चहा विचारावा, तेच मला कळेना. मी दोन्ही करायचे.

ढब्यानं जखम चाटू नये म्हणून मी त्याला बंडी शिवली. ती घालता घालता डॉक्टर थांबले.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते काय विचारता त्यावर आहे."

"तुम्ही… डावी बाही बंद केलीये."

मी बघितलं. माप घेताना हा गधडा पोट वर करून पडला होता, आणि मी तसंच, उजव्याचं डावं करून बेतलं. जिथे पायच नाही तिथे सुरेख बाही, कडेच्या गोटासकट! आत्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी हसले, खूप हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले.

"मी त्याचं वाईट तर नाही ना केलं, डॉक्टर?"

"तो उठेपर्यंत मलाही झोप नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणून तर येतो."

"म्हणजे… त्याच्यासाठी येता."

"कुत्र्याला बघायला कुणी शर्टाला इस्त्री करून येतं का?"

मी डोळे पुसले. "मला तुमचा राग येतो. तुम्ही त्याचा पाय कापलात. आणि तुम्हाला यायला उशीर झाला, तर त्याचाही राग येतो. काय करावं माणसानं?"

"थोडे दिवस रागावूनच बघा," ते म्हणाले. "मी आहे."

ते उठून दाराशी गेले. तेवढ्यात मागे फरशीवर नखं वाजली. ढब्या उभा होता… डुलत, थरथरत. पडला. पुन्हा उठला. आणि माझ्या समोरून, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, तीन पायांवर उड्या मारत त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या पायाला टेकून उभा राहिला.

डॉक्टर हललेच नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"आता रोज यायला कारण उरलं नाही," ते म्हणाले.

"उद्या या," मी म्हटलं. "माझ्यासाठी."