चढावरची परीक्षा

बाईंची गाडी चढावर बंद पडली आणि मागे हॉर्नचा नुसता गलका झाला. निवृत्त झाल्यापासून घरात येरझारा घालून सुनेला वैताग आणणारे एक बसड्रायव्हर नेमके तिथून चालले होते. त्यांनी दार उघडलं.

“सरका.”

“मुळीच नाही. कशी काढायची ते सांगा!” बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वर्गातलाच होता.

त्यांनी सांगितलं, गाडी निघाली. तेव्हापासून रोज सकाळी ते गुळगुळीत दाढी करून बाईंना शिकवायला जाऊ लागले. बाई त्यांना मास्तर म्हणायच्या.

“नवा शर्ट, मास्तर?”

“समोर बघा, बाई.”

“समोरच बघतेय... आरशात दिसलात.”

आज पक्क्या लायसन्सची परीक्षा होती. मास्तर कुंपणाबाहेर उभे होते. बाई पास झाल्या की शिकवणी संपणार. मग उद्या उठायचं तरी कशाला?

गाडी चढावर थांबली... आणि हळूहळू मागे घसरू लागली. घसरू दे, मास्तरांच्या मनात आलं. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते जिवाच्या आकांतानं ओरडले, “ब्रेक! क्लच हळू सोडा, बाई!”

इन्स्पेक्टरनं डोळे वटारले. गाडी थरथरली, थबकली — आणि सरळ वर गेली.

बाई पास होऊन बाहेर आल्या. “सुटलात, मास्तर.”

“मला सुटायचं नाहीये.” मास्तर एक पाऊल पुढे आले. “खरं सांगू? मघाशी वाटलं... तुम्ही नापास व्हावं.”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. झालं, सगळं मुसळ केरात, असं मास्तरांना वाटलं.

“मग ओरडलात कशाला?”

“तुमचा पडलेला चेहरा बघवला नसता.”

बाईंचे डोळे भरून आले. “गाडी मीच सोडली होती मागे. मुद्दाम. शिकवणी संपू नये म्हणून... तुमचा आवाज आला आणि वाटलं, एवढं नाटक कशाला? सरळ विचारावं.”

“काय?”

“रोज सकाळी माझ्या शेजारी बसाल? शिकवायला नाही... नुसतं.”

 मास्तरांनी मान डोलावली, दोनदा.

“आणि दिवसभर रिकामं बसायचं नाही. शाळेतल्या निवृत्त बाया रांगेत आहेत शिकायला. त्यांना शिकवा खुशाल.” बाईंनी डोळे पुसले. “पण असं जिवाच्या आकांतानं ओरडायचं ते फक्त माझ्यासाठी हं, मास्तर!”