पायरीवरची जागा

"मामा, तुझा माल इकडे. पायरीवर बस, दाखवते."

हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आता आठवलं की कान गरम होतात, पण जे झालं ते झालं, लपवून काय करणार.

शिरपुरात आमचं कापडाचं दुकान आहे. धुळ्याहून बी.कॉम. करून आले आणि पप्पांच्या हाताखाली बसायला लागले. तोंडावरून गिऱ्हाईक ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी ठाम समजूत. पांढरी गादी गावातल्या गिऱ्हाइकांसाठी, आणि पहाडातून येणारे पावरा आदिवासी लोक बसायचे दाराच्या पायरीवर. त्यांच्यासाठीचा माल खालच्या फळीवर वेगळा ठेवलेला. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मामा म्हणायचं आणि अरे-तुरे करायचं. आजोबा तसंच करायचे, पप्पाही तसंच. यात काही वाकडं आहे हे माझ्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

तर तो दारात उभा. रंगानं काळा, बुटांवर धूळ, मागे गळ्यात चांदीची हसली घातलेली त्याची आई. त्यानं आधी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि हसला.

"मामा? माझी बहीण तर अजून सातवीत आहे. एवढी मोठी भाची मला कुठून आली?"

त्याची आई मात्र सवयीनं पायरीवर टेकली होती. गोधडीला वरून लावायला तिला कापड हवं होतं, आणि दारात उभ्यानंच हेरलेल्या, अगदी वरच्या फळीवरच्या निळ्या, बारीक फुलांच्या सुती कापडाकडे तिनं बोट केलं. ते महाग आहे, असं मी लगेच सांगून टाकलं.

"आम्ही भाव कुठे विचारला अजून?" तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात पप्पा उठून आले. बोलता बोलता कळलं की त्याचं नाव अभिमन पावरा, आणि तो बोराडीच्या पुढच्या एका शाळेत मास्तर आहे. झालं! पप्पांच्या 'अरे'चं क्षणात 'सर' झालं. गादीवर या म्हणाले, चहा सांगितला. अभिमन जागचा हलला नाही.

"मी शिकवतो म्हणून मला गादी, आणि आई रानात राबते म्हणून तिला पायरी? मी तिचाच मुलगा आहे, शेठजी."

आवाज जराही चढला नव्हता. त्यानं आईला हात देऊन उठवलं आणि दोघं काही न घेता निघून गेले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तो ओरडला असता तर मीही मनातल्या मनात भांडले असते, पण त्या हसण्याशी भांडणार कसं? मग मला एक शहाणपण सुचलं. ते निळं कापड कागदात बांधलं, वर चिठ्ठी लिहिली की चूक झाली, हे आईंसाठी, पैसे नकोत, आणि बोराडीच्या एसटीनं पाठवून दिलं. व्यापाऱ्याच्या घरात माफी अशीच मागतात, काहीतरी फुकट देऊन मोकळं व्हायचं.

पुढच्या बाजाराला तो तेच पुडकं घेऊन आला. पप्पा घाऊक खरेदीला गेले होते. त्यानं पुडकं माझ्यासमोर ठेवलं.

"चूक तुमची, आणि मिंधे आम्ही व्हायचं?"

माझे डोळे भरून आले. मी विचारलं, मग मी करू तरी काय... तो म्हणाला, दुकान तुमचं आहे, मी काय सांगणार. वळला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"अक्षर मात्र छान आहे तुमचं. चिठ्ठी ठेवून घेतलीय."

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! तो परत यायला हवा होता मला, आणि गिऱ्हाईक म्हणून नव्हे. पण त्याची आई जिथे ताठ मानेनं बसू शकत नाही, तिथे तो कशाला येईल?

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी जाऊन पायरीवर बसले. बसल्यावर पहिल्यांदा दिसलं, खरं तर दिसेनासं झालं. तिथून वरच्या फळ्या दिसतच नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय अंगाला घासून जातात. आणि पंख्याचा वारा गादीपाशीच संपतो. चैत्राचं ऊन, अकरा वाजता पायरी तव्यासारखी तापली.

पप्पा आधी हसले, मग चिडले. पेठेत हसं होईल, धंद्याची रीत असते, असं बरंच बोलले. आमच्या जुन्या गिऱ्हाईक इंदिराबाई मला बरं नाही का म्हणून विचारून गेल्या. मी पप्पांना म्हटलं, आज मला इथेच माल दाखवा. तास गेला. मग पप्पाच पाण्याचा ग्लास घेऊन आले.

"ऊठ, बेटा. तिथं वारा लागत नाही."

बोलले, आणि ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांची नजर पंख्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पंखा दाराकडे सरकला आणि गादी उंबरठ्याला टेकली. माफीबिफी मागणं पप्पांच्या स्वभावात नाही. अजूनही त्यांच्या तोंडी 'मा...' येतं, मग ते घाईनं 'भाऊ' म्हणतात. इंदिराबाई महिनाभर दुसऱ्या दुकानात गेल्या. जाऊ द्या म्हटलं.

मी दुसरी चिठ्ठी पाठवली: गादी दारापर्यंत आली आहे. निळं कापड अजून आहे. भाव कमी होणार नाही.

दोघं आले. गेंदाबाई, म्हणजे त्याची आई, आधी गादीच्या कडेला टेकल्या, मग मांडी घालून बसल्या, आणि अशी घासाघीस केली की पप्पांना घाम फुटला. कापड त्यांनी स्वतः म्हटलेल्या भावातच नेलं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग अभिमन दर आठवड्याला यायला लागला. कधी दोरा, कधी बटणं. शाळेत एवढी बटणं तुटतात का, असं पप्पांनी एकदा विचारलं तेव्हा मी कापडाच्या ताग्यामागे तोंड लपवलं. आणि भर पावसात, दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून, एक दिवस तो बोललाच.

"रूपल, तुम्ही मला आवडता. पण... उद्या तुमच्या माणसांत मला पायरीच मिळणार असेल, तर आत्ताच सांगा."

मी म्हटलं, उत्तर तुमच्या घरी येऊन देईन, आणि पप्पांपासून लपवून येणार नाही.

पप्पांना सांगितलं. ते कितीतरी वेळ गल्ल्याच्या किल्लीशी चाळा करत बसले. शेवटी एवढंच विचारलं की परतीची गाडी किती वाजता आहे. मला तेवढं पुरलं.

त्याचं घर टेकडीच्या पोटाशी. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेला ओटा. "भाजीत कांदा-लसूण घातलेला नाही हं," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे चालत नाही ना, आईला बजावून ठेवलंय." मी चप्पल काढली आणि पाय अडखळले. इथे मी कोण? कुठे बसायचं असतं? मी तशीच ओट्याच्या पायरीवर टेकले.

गेंदाबाई आतून आल्या. हातात नवी गोधडी, वरून आमचं निळं कापड. ती त्यांनी ओट्यावर अंथरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तठे वारा लागत नही, पोरी. वर ये."

पाण्याचा ग्लास धरून पप्पा बोललेलं ते वाक्य मी फक्त अभिमनला सांगितलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, आईला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी मग थांबेचना. मी वर गेले, गोधडीच्या अगदी मधोमध बसले, आणि त्यांच्यासमोरच म्हणाले,

"अभिमन, मला तू आवडतोस."

गेंदाबाईंनी हसून माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.