सात नंबरचं लायसन्स

"दत्तोबा मेला तरी सात नंबरची बस अजून तोच चालवतो म्हणे. आणि ज्यानं त्याला त्या दिवशी पाठवलं, त्याला..."

जिन्यात पावलं वाजली आणि आम्हा शेजाऱ्यांना सांगणारी नम्रता गप्प झाली. वर येत होता तो नेमका श्यामसुंदर आगाशे. कोथरूडच्या सोसायटीत बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते. ज्याची असते त्यालाच तेवढी अर्धी मिळते.

"त्याला काय, नम्रताताई?"

"काही नाही हो, मालिकेतलं."

श्यामसुंदर हिंजवडीच्या एका कंपनीत बसगाड्यांचा सुपरवायझर. ड्रायव्हरांची लायसन्स तपासायची आणि बसमधल्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम. ड्रायव्हरचे डोळे मिटले की याचा मोबाइल वाजायचा. खाली दोन बटणं, 'नोंदवा' आणि 'दुर्लक्ष'. नोंदवलं की ड्रायव्हर घरी, बस उभी, आणि वरचे साहेब फाडून खाणार. म्हणून अंगठा 'दुर्लक्ष'वरच पडायचा.

सात नंबरचा ड्रायव्हर दत्तोबा मेला त्या सकाळी हात जोडून म्हणाला होता, "साहेब, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. आज नगं."

"एवढी एक फेरी मारा हो."

त्या फेरीत मोबाइल नऊ वेळा वाजला. नऊ वेळा दुर्लक्ष. बस उभ्या कंटेनरवर गेली आणि स्टिअरिंग दत्तोबाच्या छातीत घुसलं.

बस दुरुस्त झाली. नवा ड्रायव्हर राकेश आला, पण त्याचं लायसन्स आरटीओने तीन महिने निलंबित केलेलं. दत्तोबाचं रेकॉर्ड मात्र धुतल्या तांदळासारखं, धुणारा श्यामसुंदरच. कंपनीच्या नोंदीत त्याने दत्तोबाचं लायसन्स बंदच केलं नाही. राकेशला मेलेल्याच्या लायसन्सवर बसवलं.

आठवड्यातच मोबाइल वाजू लागला. सात नंबर, डोळे मिटलेले.

"साहेब, मी टक्क जागा असतो," राकेश म्हणाला. "पण मी बसायच्या आधीच सीट गरम असते... आणि स्टिअरिंग ओलं."

"ऊन बघा जरा बाहेर. गरम नाही तर काय थंड असेल?" श्यामसुंदर म्हणाला खरा, पण दुपारी दोनच्या फेरीला स्वतः बसमध्ये चढला.

रिकामी बस, खिडक्या बंद. बावधन मागे पडलं आणि वास आला. खाटकाच्या दुकानात सकाळी येतो तसा. मग बस आपोआप वेग घेऊ लागली.

"राकेश, हळू!"

"मी नाही दाबत, साहेब... माझे हात... कुणीतरी धरलेत."

मोबाइल वाजला. सवयीने श्यामसुंदरचा अंगठा 'दुर्लक्ष'वर पडला.

कडकन आवाज झाला. राकेश किंचाळला. त्याची करंगळी उलटी वळून मनगटाला टेकली होती. मोबाइल पुन्हा वाजला, अंगठा पुन्हा पडला, दुसरं बोट गेलं. हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं, काचेवर रक्ताची चिळकांडी उडाली. स्टिअरिंग पुढे सरकत होतं, राकेशच्या छातीवर चढत होतं, आणि बरगड्या वाळक्या काटक्यांसारख्या वाजत होत्या.

"साहेब... नोंदवा... पाया पडतो..."

समोर एक कंटेनर उभा होता. नोंदवलं तर सगळं उघडं पडणार. नोकरी जाणार, कदाचित तुरुंगसुद्धा. मोबाइल वाजत होता. श्यामसुंदरने डोळे घट्ट मिटले आणि 'नोंदवा' दाबलं.

बस कंटेनरपासून हातभर अंतरावर थांबली.

राकेश वाचला, दोन बोटं गेली. श्यामसुंदरने पोलिसांना सगळं सांगितलं. नोकरी गेली, तो जामिनावर घरी आला, जिवंत. म्हणजे 'त्याला दत्तोबा आपल्या जागी बसवणार' ही नम्रताची अफवा अर्धीच खरी निघाली, असं आम्ही सगळे म्हणालो.

पंधरा दिवसांनी कंपनीचा केयूर घरी आला. चहालाही थांबेना.

"सर, सात नंबर पोलिसांच्या आवारात आहे. बॅटरी काढलेली. तरी काल दोन वाजता कॅमेऱ्यातून फोटो आलाय."

फोटोत ड्रायव्हरच्या सीटवर दत्तोबा नव्हता. श्यामसुंदर होता, डोळे मिटलेला.

"अहो, काल दोनला हे इथे झोपले होते," त्याची बायको नीरजा म्हणाली. "मी शेजारीच मटार सोलत होते."

श्यामसुंदर नुसता छाती चोळत राहिला. नीरजाने त्याच्या सदऱ्याची बटणं सोडली.

छातीवर स्टिअरिंगएवढा गोल, काळानिळा वळ उठला होता. नीरजाच्या डोळ्यांदेखत तो आणखी खोल जात होता.