विश्वासांक

नवगिरी विद्यापीठाच्या न्यायविश्वास प्रयोगशाळेत बारा वर्षे एकाच गोष्टीचे मोजमाप चालू होते: फौजदारी न्यायावर लोकांचा भरवसा किती? प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेणुका कोपर्डे यांनी प्रश्नावल्या केव्हाच बाजूला ठेवल्या होत्या. प्रश्नावलीत माणसे शोभेल ते उत्तर देतात. त्यांचा भर मनगटावर बांधायच्या विश्वासमापकावर होता. ‘न्यायालय खऱ्या गुन्हेगारालाच दोषी ठरवते’ हे वाक्य ऐकवले की त्वचेत, नाडीत आणि श्वासात होणारे बारीक बदल तो टिपायचा आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा द्यायचा. हाच विश्वासांक. तो ठरवून वर-खाली करता येत नसे.

शहराची सरासरी त्रेपन्न होती. त्या वर्षी प्रथमच एका तुरुंगात मापन झाले आणि निकाल पाहून रेणुकाबाई चक्रावल्या. बहुतेक कैदी नव्वदच्या वर होते, चौदा जण दहाच्या खाली, आणि मधे कोणीच नव्हते.

यंत्र बिघडले असावे, असे त्यांना वाटले. ते तयार करणारे प्रा. दस्तगीर शिकलगार यांनी दोन दिवस खपून त्याचा प्रत्येक भाग तपासला.

“यंत्र ठीक आहे, मॅडम,” ते म्हणाले. “आपण बाहेरची माणसं अंदाज बांधतो. पेपरात वाचतो, कुणाकडून ऐकतो. म्हणून मधे कुठंतरी असतो. शिक्षा झालेल्याला अंदाज बांधावा लागत नाही. गुन्हा आपण केला की नाही, हे त्याला माहीत असतं.”

रेणुकाबाईंनी निकालाचा कागद पुन्हा पुढे ओढला. “म्हणजे ते चौदा जण...”

“न्यायालय चुकलेलं त्यांनी स्वतः पाहिलंय.”

विश्वासांक हा पुरावा नव्हे, हे दोघांनाही मान्य होते. पण फेरतपास मागायला तो पुरेसा होता. वर्षभरात पाच प्रकरणे पुन्हा तपासली गेली. पाचही माणसे निर्दोष निघाली.

मग रेणुकाबाईंनी दुसऱ्या तुरुंगात मापनाची परवानगी मागितली. तिथे त्यांचा धाकटा भाऊ जयवंत शेजाऱ्याच्या खुनाबद्दल सोळा वर्षे जन्मठेप भोगत होता. मी काही केलेले नाही, असे त्याने पहिल्या दिवशी सांगितले होते आणि रेणुकाबाईंनी ते खरे मानले होते. नातेवाईक तुटले, त्यांचे ठरलेले लग्न मोडले, आई गेली. घरात बोलायला कोणी उरले नाही. त्या दर महिन्याला त्याला भेटत, अपिले लिहीत. संशोधनाचा हा विषयही त्यांनी त्याच्यासाठीच निवडला होता.

मापनाला शिकलगार एकटेच गेले. परतल्यावर त्यांनी यंत्र टेबलावर ठेवले आणि आकडा सांगितला. त्र्याण्णव. पुन्हा मोजा, असे रेणुकाबाई म्हणाल्या. मी तीनदा मोजले, असे ते खाली बघत म्हणाले.

भेटीच्या खोलीत रेणुकाबाईंनी जयवंतला एवढेच सांगितले की आकडा कळला आहे. त्याने मान हलवली. मापनाला कैद्याची लेखी संमती लागत असे. तो नाही म्हणू शकला असता.

“मग सही का केलीस?” त्यांनी विचारले.

“त्या पाच जणांचं वाचलं. आता तू माझ्यासाठी आणखी जोमानं भांडली असतीस. ते मला बघवलं नसतं, अक्का.”

“सोळा वर्षं माझ्याशी खोटं बोललास.”

जयवंतने विचारले, “खरं सांगितलं असतं, तर तू आली असतीस?”

त्यांनी उत्तर शोधून पाहिले. हो म्हणावे तर ते खोटे ठरले असते, हे त्यांना आतून ठाऊक होते. वेळ संपल्याची घंटा झाली.

बाहेर पडताना शिपायाने पुढच्या महिन्याचा अर्ज समोर ठेवला. भेटीचे कारण या रकान्यात त्या इतकी वर्षे ‘अपिलासंबंधी चर्चा’ असे लिहीत आल्या होत्या. पेन हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. रांगेत मागे उभी असलेली बाई खोकली.

मग त्यांनी लिहिले, ‘भावाला भेटणे’, आणि सही केली.