नोटाला पडलेलं एक मत

एप्रिलात न्यू हॅम्पशायरचे कच्चे रस्ते चिखलाने भरतात, आणि कॉरिनची गाडी नेमकी एलायसच्या शेतासमोर रुतली. मागच्या सीटवर पक्षाच्या पिवळ्या पाट्या. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या एलायसने त्या वाचल्या आणि त्याला हसू आवरेना.

"सरकार नको म्हणणारे तुम्हीच ना? मग हे रस्ते कोण बांधणार?"

"हा सरकारनेच बांधलाय हो... बघा की!"

तिच्या गालावर चिखलाचा शिंतोडा उडाला होता. गाडी निघून गेली तरी एलायस तिथंच उभा होता. त्यानंतर त्याने पक्षाची एकही बैठक चुकवली नाही.

पक्ष तो केवढासा! कर कमी करा, धंद्यात लुडबुड नको, ज्याचं त्याला ठरवू द्या, असं म्हणणारी मूठभर माणसं एका खाणावळीच्या मागच्या खोलीत मावायची. कॉरिनला यंदा आमदारकीची उमेदवारी मनापासून हवी होती. समोर कोणीच नव्हतं. पण या पक्षात एकट्या उमेदवारापुढेही नोटा असतोच, आणि नोटा जिंकला तर लगेच फेरमतदान. आणि जूनमधल्या मतदानात कॉरिन एका मताने नोटाकडून हरली.

ती ताडकन बाहेर ओसरीत आली. मागोमाग एलायस, टोपी चुरगाळत.

"ते एक मत... माझं होतं."

"तुझं?"

"तुझ्या भल्यासाठीच गं. किती दमतेस..."

"माझं भलं तू ठरवणार? अरे, याच्याविरुद्धच तर हा पक्ष काढलाय! लाज नाही वाटत?"

एलायसचा चेहरा पडला. आता ही कायमची जाणार, असं त्याला वाटलं. मग खोटं तरी कशाला बोलायचं?

"तुझ्या नाही... माझ्या भल्यासाठी. उमेदवारी मिळाली की तू नोव्हेंबरपर्यंत दारोदार फिरणार. मला कधी दिसणार? प्रेम आहे माझं तुझ्यावर, कॉरिन."

कॉरिन खळखळून हसली.

"आत्ता कसा आमच्यातला वाटलास! स्वार्थ आहे तर सरळ स्वार्थ म्हण की."

"म्हणजे... रागावली नाहीस?"

"भयंकर रागावलेय. आत फेरमतदान आहे. कुणाला मत द्यायचं, तुझं तू ठरव."

"आणि मी प्रेमाचं बोललो, त्याचं उत्तर?"

"ते निकालानंतर. नाहीतर लाच दिली म्हणतील!"

एलायसने तिच्यासोबत घालवायच्या सगळ्या उन्हाळ्यावर पाणी सोडलं आणि तिच्या नावापुढे खूण केली. कॉरिन एका मताने जिंकली. टाळ्या चालू असतानाच ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आली.

"दारोदार फिरायला सोबत हवीय. सक्ती मुळीच नाही हं."

"येतो. पण माझा स्वार्थ आहे त्यात."

"माझाही," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत तिने त्याचा हात धरला.